कुंभारजुव्याचा कालवा: लहान होडी कुठली, आणि कधी जावं?

प्रेषक: आम्स्टलवेनची सूनबाई
प्रति: मंडळाची यादी

सर्वांना नमस्कार,

नाताळच्या सुट्टीत आम्ही घरी येतोय. पुण्याहून सासू-सासऱ्यांना घेऊन गोव्याला जायचा बेत आहे. दोघांचीही सत्तरी उलटली आहे आणि बरोबर आमची दोन शाळकरी मुलं आहेत. मागच्या उन्हाळ्यात ते इकडे आले होते, तेव्हा त्यांना अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांतून फिरवलं. काचेच्या छपराच्या मोठ्या बोटीत नाही, दहा-बारा माणसांच्या उघड्या, विजेवर चालणाऱ्या बोटीत. बोट चालवणारी मुलगीच माहिती सांगत होती. बाबांनी तिला इतके प्रश्न विचारले की शेवटी तिने त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं. अजूनही घरी पाहुणे आले की बाबा त्या फेरीचं वर्णन करतात.

गोव्यात असं काही मिळेल का? शोधायला गेलं की मांडवीतली संध्याकाळची गाण्यांची बोटच समोर येते. पणजी शहरात खाड्या आहेत, त्यातून फिरता येतं का? थोडीच माणसं, शांत होडी आणि माहिती सांगणारा माणूस, एवढंच हवंय. गोव्यातल्या मंडळींनी सांगावं, माशेलच्या काकूंनी तर नक्कीच.

---

प्रेषक: पणजीचे दादा

नमस्कार वहिनी,

संध्याकाळच्या बोटीला एकदम नाही म्हणू नका. सांता मोनिका जेटीवर चढणं-उतरणं सोपं आहे, बसायला खुर्च्या आहेत आणि तासाभरात परत. म्हाताऱ्या माणसांना हे फार महत्त्वाचं असतं. आवाज नको असेल तर वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसा. सूर्य आग्वादच्या बाजूला उतरतो तेव्हा पात्र फार सुंदर दिसतं.

पणजीच्या खाड्यांचं मात्र स्पष्ट सांगतो. मळा या वस्तीच्या कडेने फोंतेन्हास या जुन्या वस्तीपर्यंत येणारी ओरेंची खाडी आणि सांतिनेजची खाडी, दोन्ही बघायच्या तर काठाने चालत. सकाळी आठच्या सुमारास फोंतेन्हासच्या गल्ल्यांतून निघा, पाटोच्या जुन्या पुलावर या आणि तिथून रायबंदरच्या रस्त्याला लागा. मांडवीच्या कडेने दलदलीतून जाणारा हा तीन किलोमीटरहून लांब बांधीव रस्ता १६३३-३४ मधला आहे, पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिसच्या काळातला. आजही त्यावरून बस धावते. खाली कमानी आहेत, त्यांतून भरतीचं पाणी आत-बाहेर होतं. गाडी बाजूला लावून बाबांना त्या कमानी जरूर दाखवा.

लहान होडीबद्दल काकूच बोलतील.

---

प्रेषक: माशेलच्या काकू

अगं, आधी सांग, तारखा ठरल्या का? ठरल्या नसतील तर कालनिर्णय उघडून बस, मग तिकिटं काढ. अ‍ॅमस्टरडॅमला पाण्याची पातळी वर्षभर एकसारखी राखतात. सकाळी जा नाहीतर रात्री, बोट त्याच पायरीला लागते. इथे पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, उधाणाला दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. भरतीला गेलात तर पाणी आणि वर कांदळाचे हिरवे शेंडे दिसतील, बाकी सगळं बुडालेलं. ओहोटीला काठ उघडे पडतात, आणि बघायचं असतं ते काठावरच.

तुला हवा आहे तो कुंभारजुव्याचा कालवा. मांडवी आणि झुवारी यांना जोडणारी ही पंधरा-सतरा किलोमीटरची पाण्याची वाट जुन्या गोव्याच्या पूर्वेकडून जाते. ती आहे म्हणून तिसवाडी हे बेट आहे. फोंड्याहून पणजीला जाताना बाणस्तारीच्या पुलावरून सगळे तिला ओलांडतात, पण खाली नजर टाकणारे थोडे. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा दांडा वाट अडवतो. त्या दिवसांत खनिजाच्या बार्जी, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, याच कालव्यातून झुवारीत उतरून मुरगावला जात. गणेशचतुर्थीनंतर सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड असतो. होड्या जोडून त्यांच्यावर देखावे उभे करतात आणि ते कालव्यातून फिरतात, दोन्ही काठांवर गाव लोटतो. तुम्ही डिसेंबरात येताय म्हणून तो चुकणार, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मगरी. हो, आहेत, आणि पुष्कळ आहेत. मगर ही मुळात गोड्या पाण्यातली, पण इथे ती मचूळ, खाऱ्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहते. थंडीत रात्रभर पाण्यात काढून ती ऊन चढलं की चिखलावर येते आणि तोंड उघडं टाकून पडून राहते. मुलांना वाटेल रागावली आहे. तसं नसतं, अंगातली उष्णता ती तोंडावाटे सांभाळते. म्हणून दोन गोष्टी एका वेळी जुळायला हव्यात: पाणी उतरलेलं आणि ऊन कोवळं. सकाळी नऊ ते अकरामध्ये ओहोटी येईल असा दिवस निवड.

तो दिवस कसा काढायचा ते सांगते. आमच्या सासऱ्यांचा ठोकताळा होता, तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. षष्ठी असेल तर साडेचार, म्हणजे दुपारी साडेचारला भरती आणि त्याआधी सहा-सव्वासहा तास, सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पंचमी ते सप्तमीच्या सकाळी तुला चांगल्या. अष्टमीकडे भांगाचं पाणी असतं, ते फार खाली जात नाही, म्हणून मी पंचमी-षष्ठी पसंत करीन. नक्की वेळेसाठी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघ आणि होडीवाल्यालाही विचार, कारण कालव्यात आत पाणी थोडं मागाहून पोचतं.

होडी लहान घे, सहा ते दहा माणसांची, वर सावलीपुरतं छप्पर असलेली. पणजीहून मोठ्या बोटी येतात, त्यांच्या लाटेने मगर पाण्यात जाते आणि पक्षी उडतात. कुंभारजुवे, बाणस्तारी या बाजूंनी स्थानिक लोक लहान होड्या नेतात. होडीची नोंद बंदर कप्तान खात्याकडे आहे ना, हे विचारायला संकोच करू नकोस. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची आहेत का ते आदल्या दिवशीच फोनवर विचार. आणि होडीवाल्याला एकच सांग, इंजिन मंद ठेव, मध्येमध्ये बंद कर. इंजिन बंद झालं की चिखलातला आवाज ऐकू येतो, बुडबुडे फुटल्यासारखा बारीक टकटकाट. निवट्या नावाचे छोटे मासे चिखलावर उड्या मारत असतात. एक नांगी मोठी आणि एक लहान असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी ती मोठी नांगी हलवत उभे असतात. मुलं मगर विसरून त्यांच्याकडेच बघत राहतील. खंड्या, बगळे, ब्राह्मणी घार हे तर हटकून दिसतात. हिवाळ्यात मासे पकडणारा ऑस्प्रे हा शिकारी पक्षी पण येतो.

मगरीला खायला टाकू नका, कोणी टाकत असेल तर थांबवा. माणूस आणि अन्न यांची सांगड तिच्या डोक्यात बसली की त्रास काठावर कुर्ल्या पकडणाऱ्यांना होतो. आणि आमच्याकडे ती नुसती बघायची वस्तू नाही. बोरी, दुर्भाट या बाजूला पौष अमावास्येला शेतकरी चिखलाची मगर करतात, अंगावर शिंपल्यांचे खवले लावतात आणि तिची पूजा करतात. मांगे थापणी म्हणतात त्याला. बांध राख, माणसं राख, असं मागणं.

बाबांना इतिहासाची आवड आहे असं वाटतंय, तर कालव्याच्या उत्तरेच्या टोकाकडे जुवे बेट आहे, पोर्तुगीजांचं सांतेस्तेव. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री ओहोटी साधून संभाजीराजांच्या फौजेने तिथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय काउंट आल्व्होर स्वतः तो सोडवायला आला आणि जखमी होऊन मागे फिरला. राजांचा घोडा भरतीच्या पाण्यात सापडला आणि खंडो बल्लाळांनी उडी टाकून त्यांना वाचवलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. होडीत बसून ते पाणी चढताना बघितलं की रात्री ओहोटीची वाट बघणं म्हणजे काय, आणि भरती किती लवकर वाट बंद करते, हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

---

प्रेषक: डेल्फ्टहून

काकू, नमस्कार. मी इथे पाण्याच्या प्रकल्पांवर काम करतो, म्हणून एक विचारतो. कालव्याच्या काठाला खाजण जमिनी, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं, आहेत ना? त्यांचे दरवाजे होडीतून दिसतात का? समुद्राचं पाणी वाढलं की आपोआप मिटणारे आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडणारे दरवाजे इथेही शेकडो वर्षं होते. पुढे इथली पीटची जमीन पाणी उपसून उपसून खचत गेली, समुद्राच्या पातळीखाली गेली आणि पवनचक्क्यांशिवाय पाणी बाहेर काढणंच अशक्य झालं. गोव्यात मात्र उतारावर पाणी सोडूनच अजून भागतं, असं मी वाचलंय. हे प्रत्यक्ष बघायची फार इच्छा आहे.

---

प्रेषक: माशेलच्या काकू

दिसतात, बाळा, आणि तुझ्यासारख्याने ते बघायलाच हवेत. आम्ही त्याला मानस म्हणतो. जांभ्या दगडाचे खांब आणि मध्ये लाकडी फळ्यांची दारं. ओहोटीला बाहेरचं पाणी खाली गेलं की आतल्या पोंयीतलं, म्हणजे खाजणातल्या तळ्यातलं, पाणी दार ढकलून बाहेर पडतं. भरती आली की बाहेरचं पाणीच दार दाबून बंद करतं. ना मोटर, ना वीज. त्याच्या तोंडाशी रात्री जाळं लावतात आणि ओहोटीबरोबर बाहेर येणारी कोळंबी, शेवटे, कुर्ल्या त्यात मिळतात. त्या मासळीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि त्या पैशातून बांध राखायचा, अशी गावकरीची, म्हणजे जुन्या गावसंस्थेची, रीत.

पावसाच्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन जातं, मग कोरगुट भात लावतात, तो थोडा खार सोसतो. कापणी झाली की कुठे मासे, कुठे मिठागरं. गोव्यात अशी खाजणं सुमारे १८ हजार हेक्टर आहेत. हे सगळं बांधावर उभं आहे. माती, गवत, दगड, बाहेरच्या अंगाला लाटेचा मार झेलायला कांदळ. बांध एका जागी फुटला आणि वेळेत बुजवला नाही, तर खारं पाणी आत येतं आणि ते शेत पुन्हा नांगराखाली यायला वर्षं लागतात. बार्जींच्या लाटांनी बांध खचतात ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. आता होड्या वाढल्यात. म्हणून मी मघाशी मंद चालवायला सांगितलं, ते फक्त मगरीसाठी नव्हतं. जिथे पडलेला बांध आणि आत करपलेली, काळी पडलेली जमीन दिसेल, तिथे होडीवाल्याला विचार. पुष्कळदा तोच तिथला शेतकरी असतो, आणि कुठल्या मार्गदर्शकापेक्षा तो जास्त सांगेल.

---

प्रेषक: आम्स्टलवेनची सूनबाई

काकू, दादा, दोघांचे मनापासून आभार. कालनिर्णय काढलं, आमच्या दिवसांत षष्ठी बसतेय, त्याच सकाळी कालवा. पणजीला संध्याकाळची मोठी बोट आईंसाठी, आणि फोंतेन्हासमधून पायी. डेल्फ्टच्या भाऊंसाठी मानशीचे फोटो नक्की काढू. एकच काळजी, बाबांचा गुडघा. ओहोटीला होडीत उतरताना त्यांना जमेल का?

---

प्रेषक: माशेलच्या काकू

चांगला प्रश्न विचारलास, कारण पाणी उतरलं की होडी जेटीच्या बरीच खाली जाते आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. तेव्हा निघताना पाणी अजून पुरतं उतरलेलं नसेल असं बघा, म्हणजे ओहोटीच्या दीड-दोन तास आधी बसा, आणि परतायचं तिथे लाकडी फळी किंवा तरंगती जेटी आहे का ते होडीवाल्याला आधीच विचारा. नसेल तर दुसऱ्या ठिकाणी उतरवायला सांगा, गाडी तिथे बोलावता येते. चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. गुरुवार आला तर बाणस्तारीचा बाजार असतो, सकाळी पुलाजवळ गाड्यांची गर्दी होते, अर्धा तास आधी निघा. परत येताना जेवायला आमच्याकडे या, फोन करून मासे की शाकाहारी तेवढं कळवा.