मोठ्या आपत्तीत कोणता जखमी कोणत्या रुग्णालयात न्यायचा, हे कोणी ठरवावे?

प्रश्न
आमच्या रुग्णवाहिका सेवेचा आपत्कालीन आराखडा नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जुन्या आराखड्यात वाहनांची संख्या, साहित्याची यादी आणि दूरध्वनी क्रमांक आहेत; परंतु एकाच वेळी शंभराहून अधिक जखमी असतील तर त्यांची विभागणी कशी करावी, याविषयी एक ओळही नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (आपत्कालीन विभागातील डॉक्टर)
आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. प्रत्येक जखमी रुग्णवाहिकेतूनच येईल असे आराखडे बहुधा धरून चालतात, आणि तेथेच ते फसतात. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला गेला, तेव्हा सेंट ल्यूक रुग्णालयात पहिल्याच दिवशी सुमारे ६४० रुग्ण आले; त्यांतील बहुतेक जण पायी, टॅक्सीने किंवा मिळेल त्या वाहनाने पोहोचले होते, आणि कपड्यांवरच्या रसायनासह ते थेट आत आल्यामुळे तपासणाऱ्या अनेक कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदमधील रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर ग्रेगोरियो मारान्योन या एकाच रुग्णालयात अडीच तासांत २७२ जखमी पोहोचले. म्हणून सर्वांत जवळचे रुग्णालय स्वतःहून येणाऱ्यांनीच भरणार हे गृहीत धरावे, आणि लांबचा प्रवास ज्यांना सोसणार नाही असे जखमी वगळता बाकीच्यांना पहिल्या फेरीपासूनच दूरच्या रुग्णालयांकडे न्यावे. हा निर्णय घटनास्थळी एकाच वाहतूक अधिकाऱ्याने, म्हणजे जखमींची रवानगी पाहणाऱ्याने, घ्यावा. त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम नसावे.

उत्तर २ (रुग्णवाहिकेवरील पॅरामेडिक)
विभागणी वर्गवारीवर, म्हणजे कोणाला किती तातडीने उपचार हवेत हे रंगांनी ठरवण्यावर, अवलंबून आहे, आणि वर्गवारी ठाऊक असणे व ती हातात बसलेली असणे यांत मोठे अंतर आहे. स्टार्ट या झटपट वर्गवारीच्या पद्धतीत चालू शकणारे हिरवे, म्हणजे थांबू शकणारे. उरलेल्यांत श्वास मिनिटाला ३० हून अधिक असेल, दाबलेल्या नखाचा रंग परतायला दोन सेकंदांहून अधिक लागत असतील किंवा साधी सूचनाही पाळता येत नसेल, तर लाल, म्हणजे सर्वांत तातडीचा. श्वासमार्ग मोकळा करणे आणि वाहते रक्त थांबवणे, याखेरीज त्या क्षणी उपचार करायचा नसतो. विव्हळणाऱ्या माणसाला नुसती रंगाची खूणपट्टी बांधून पुढे जाणे फार जड जाते. पहिल्या सरावात मी स्वतः तिसऱ्याच जखमीपाशी सलाईन लावत बसलो होतो. उलट, भीतीपोटी सगळ्यांनाच लाल ठरवले तर खरा लाल रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत उशिरा पोहोचतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. नियंत्रण कक्षाशी संपर्कच तुटला तर वाहतूक अधिकाऱ्याने काय करावे?

उत्तर १ (पुन्हा)
तसे घडतेच. ७ जुलै २००५ च्या लंडनमधील स्फोटांच्या वेळी भुयारांत वायरलेस चालत नव्हते आणि मोबाइल यंत्रणेवर प्रचंड ताण आला होता. प्रत्येक रुग्णालय पहिल्या तासात किती लाल रुग्ण घेऊ शकते, याचा छापील तक्ता त्या अधिकाऱ्याच्या हाती असावा, आणि तेवढे रुग्ण पाठवून झाल्यावर कोणालाही न विचारता त्याने पुढचे रुग्णालय धरावे. हा आकडा खाटांवरून काढू नये. एका वेळी किती शस्त्रक्रिया पथके उभी राहू शकतात हे विचारावे, आणि रात्रीचा आकडा वेगळा घ्यावा.