नाताळ: कपड्यांची ऑर्डर इतक्यात देऊ नका

धाकटी काकू: बेबीताई, सकाळी तुम्ही टाकलेला फोटो बघितला, सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे आणि आज रात्रीपर्यंत मापं पाठवायची. मला बोलायला बरं वाटत नाहीये पण आत्ता नाही बोलले तर ऑर्डर जाईल. आम्हाला या वर्षी नाही जमणार. गेल्या नाताळचं कार्डाचं बिल आम्ही ईस्टर उलटून गेल्यावरही भरत होतो आणि पोरांनी ते कपडे फोटोपुरते एकदाच घातले. ह्यांच्या नोकरीचं तर तुम्हाला माहीतच आहे.

बेबी आत्या: अगं मग फोन करायचास ना मला, ग्रुपवर कशाला

धाकटी काकू: केला होता ताई. तुम्ही म्हणालात पैशाचं नंतर बघू. नंतर बघायला मीच असते.

थोरले काका: चिठ्ठ्या काढा. एकाने एकालाच भेट द्यायची. मी मागच्या वर्षी पण हेच म्हणालो होतो.

छोटू: काका मागच्या वर्षी तुम्ही २५ तारखेला दुपारी म्हणालात, सगळी पाकिटं फोडून झाल्यावर 😄

थोरले काका: म्हणालो होतो की नाही

बेबी आत्या: कपड्यांचा आणि चिठ्ठ्यांचा काय संबंध दादा. वर्षातून एकदा सगळे एकत्र येतो, एक फोटो चांगला यावा एवढंच. आईचं वय बघा जरा. मी काय माझ्या एकटीसाठी करते का हे

थोरली काकू: फोटोवरून आठवलं, माझ्या दोन घडीच्या खुर्च्या गेल्या नाताळपासून कोणाकडे आहेत?

मामा: माझ्याकडे नाहीत.

थोरली काकू: मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

बाळा काका: माझ्या नोकरीचा विषय इथे काढायची गरज नव्हती.

धाकटी काकू: मग काय सांगू, कपड्यांचा रंग आवडला नाही? दर वर्षी काहीतरी कारण काढायचं आणि शेवटी कार्ड घासायचं. मला पोरांची जानेवारीत फी भरायची आहे.

बेबी आत्या: बाळा तू मनाला लावून घेऊ नकोस रे. तुम्हा चौघांचे कपडे मी घेते, विषय संपला.

बाळा काका: नको ताई.

बेबी आत्या: सख्ख्या बहिणीकडून घ्यायला काय होतं

बाळा काका: नको म्हणालो ना.

ताई: आत्या, काका, मी मधे बोलू का. आपण १४ जण आहोत, आणि प्रत्येकाने प्रत्येकाला काही ना काही द्यायचं म्हटलं की १४ गुणिले १३ म्हणजे १८२ भेटी होतात. चिठ्ठ्या काढल्या तर १४. थोरले काका बरोबर बोलतायत. आणि कार्डाचं म्हणाल तर नुसती मिनिमम रक्कम भरून पुढे ढकललं की उरलेल्यावर व्याज चढतंच, वर सहसा पुढच्या महिन्यात जे नवीन घ्याल, म्हणजे किराणा, औषधं, त्याच्यावर पण पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी मुदत जाते. म्हणून काकूंचं बिल संपता संपत नव्हतं, त्यांनी काही उधळपट्टी केली नव्हती.

थोरले काका: 👆 चिठ्ठ्या काढा.

ताई: अजून एक, १९९३ मध्ये जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना विचारलं होतं की नाताळात मिळालेल्या वस्तूंसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते. हिशोब असा निघाला की देणाऱ्याने घातलेल्या पैशांपैकी एक दशांश ते एक तृतीयांश मोल वाटेतच हरवतं. मित्रांच्या भेटीत घट कमी आणि आजी-आजोबा, काका, आत्या यांच्या भेटीत जास्त

बेबी आत्या: म्हणजे माझ्या भेटी वाया जातात असं म्हणायचंय तुला

ताई: आत्या तसं नाही ओ, लांब राहणाऱ्याला आवडनिवड कळत नाही एवढंच त्याचं म्हणणं

बेबी आत्या: मागच्या वर्षीचा तुझा स्वेटर मी चार दुकानं फिरून आणला होता

छोटू: ताई तो स्वेटर आज घाल आणि फोटो टाक, नाहीतर काही खरं नाही 🙏

मामा: माहितीसाठी. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो इथे येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा केला त्यात गव्हाण, गवत, जिवंत बैल आणि गाढव होतं. डेकोरेशन नाही. सगळ्यांनी वाचा आणि पुढे पाठवा.

थोरली काकू: दादा छान माहिती. खुर्च्यांचं बघता का.

थोरली काकू: आणि धाकटे, बरं झालं बोललीस. आमच्या पण घराचा हप्ता वाढलाय, मी महिनाभर ह्यांना सांगत होते की ताईंना कोणीतरी सांगा.

थोरले काका: म्हणून तर चिठ्ठ्या म्हणतोय.

बेबी आत्या: म्हणजे सगळ्यांनाच जड जात होतं आणि मला एकटीला कोणी सांगत नव्हतं. दर वर्षी हो ताई, छान ताई.

धाकटी काकू: ताई तुम्ही मनापासून करता म्हणूनच तोंड उघडत नव्हतं. तुमच्याबद्दल तक्रार नाहीये. पण मदत घेऊन तेच कपडे घालायचे म्हणजे ह्यांना फोटोत उभं राहणंसुद्धा जड जाईल, ते समजून घ्या.

(आजीचा व्हॉइस मेसेज, छोटूने लिहून टाकला)

छोटू: आजी म्हणते: "बेबी, भांडू नका. मंदिरात बाळ येशूला अर्पण करायला नेलं तेव्हा मरिया आणि योसेफाने काय दिलं ते बायबलात लूकच्या दुसऱ्या अध्यायात वाचा. होल्यांचा जोडा नाहीतर पारव्यांची दोन पिल्लं. नियम होता कोकराचा. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन पाखरं द्यावी असं बायबलातल्याच लेवीय पुस्तकात लिहिलंय. म्हणजे ऐपतीप्रमाणे द्यायची सोय देवानेच करून ठेवली आणि त्यांनी ती मान खाली न घालता घेतली. तुमच्या बाबांनी खोक्याच्या फळ्यांचा गोठा केला तेव्हा पगार थकला होता. त्यातल्या गाढवाचा तुटलेला कान काडेपेटीच्या काडीने जोडलाय तो अजून तसाच आहे. माझ्यासाठी कपडे नकोत. सगळे चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला या, नंतर जेवायला या."

बाळा काका: आई 🙏

बेबी आत्या: बरं. कपडे रद्द. ज्याच्याकडे जे चांगलं आहे ते घाला, इस्त्री करून घाला मात्र.

ताई: मग मी एक सुचवते. प्रत्येक घराने एका भेटीसाठी जमेल तो आकडा मला एकटीला वेगळा मेसेज करून कळवायचा. सगळ्यात कमी आकडा असेल तीच सगळ्यांची मर्यादा, आणि तो कोणाचा ते मी कोणालाही सांगणार नाही, आजीला पण नाही. सरासरी काढायची नाही, सरासरीत ज्याच्याकडे कमी आहे तोच मरतो. लहान चौघांच्या भेटी २५ ला द्यायच्या आणि आपल्या दहा जणांच्या ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला. नाताळ उरकला की बऱ्याच वस्तू सेलमध्ये निघतात.

मामा: स्पेनमध्ये पोरांना भेटी पारंपरिकरीत्या ६ जानेवारीलाच देतात. माहितीसाठी.

बेबी आत्या: आणि ज्याला मर्यादेपेक्षा जास्त द्यायचं असेल त्याने?

धाकटी काकू: त्याने नाही द्यायचं ताई. एकाने जास्त दिलं की पुढच्या वर्षी सगळ्यांना तिथून सुरुवात करावी लागते.

बेबी आत्या: पोरांना पण नाही?

धाकटी काकू: पोरांना तर मुळीच नाही, माझी दोघं लगेच शेजारी मांडून बघतात कुणाचं मोठं आलं.

बेबी आत्या: ठीक आहे. मला पटायला वेळ लागेल पण ठीक आहे.

थोरली काकू: जेवणाचं पण पैसे गोळा करून नको. प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणायचा, घरी जे नेहमी होतं तेच. कोण काय करणार ते आधी इथे लिहा, मागच्या वेळी तीन घरांनी गोडच आणलं होतं.

बाळा काका: लायटिंग मी बघतो. जुन्या बल्बच्या माळा काढून टाकू, एलईडीच्या दोन माळा माळ्यावर पडल्यात, त्या जुन्या माळांच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी वीज खातात. गोठ्याची डागडुजी पण करतो, सध्या वेळ आहे माझ्याकडे.

बेबी आत्या: बाळा कानाला हात लावू नकोस हं, तसाच राहू दे

छोटू: कोणाच्या कानाला

बेबी आत्या: गाढवाच्या. मार खाशील तू.

थोरले काका: म्हणजे चिठ्ठ्या ठरल्या ना?

ताई: हो काका ठरल्या, लहानांच्या चार आणि मोठ्यांच्या दहा वेगळ्या. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, मिस्सेनंतर आजीकडे काढू. स्वतःचं नाव निघालं तर चिठ्ठी परत टाकायची. नवरा-बायकोचं एकमेकांचं निघालं तरी परत टाकायची. त्याआधी आकडे पाठवा, आतापर्यंत दोनच घरांचे आलेत.

मामा: दोन घडीच्या खुर्च्या सापडल्या, जिन्याखाली होत्या. रविवारी आणतो.