वयस्कर मंडळींसोबत पहिल्यांदाच लंडन : आठ दिवसांचं नियोजन कसं करावं?

गोदाकाठ
नाशिकहून आम्ही पाच जण मेच्या शेवटच्या आठवड्यात आठ दिवस लंडनला जायचं म्हणतोय. आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी, सासूबाई (६४) आणि सासरे (७०). भारताबाहेर आजवर कुणीच गेलेलं नाही. सासरे सपाट रस्त्यावर अर्धा तास आरामात चालतात, पण गुडघ्यांमुळे जिने जमत नाहीत. दोघंही शाकाहारी. पाच मिनिटं फोटो आणि परत बस, ही घाई त्यांना झेपणार नाही म्हणून टूर कंपनी नको. व्हिसाला काय सांभाळायचं, मुक्काम कुठे करायचा, रोजचा प्रवास कसा करायचा आणि काय सोडून द्यायचं, हे जाणकारांनी सांगावं. बाबासाहेबांचं घर मात्र बघायचंच आहे.

शिक्कामोर्तब
आधी तारखा हलवता येतात का बघा. मेच्या शेवटच्या सोमवारी तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि बहुतेक शाळांनाही तो आठवडा सुट्टी. हॉटेलं महागतात, मुलांच्या आवडीच्या म्युझियमसमोर रांगा लागतात. एक आठवडा पुढे गेलात तरी आपल्याकडच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडायच्या आत परत याल. शिवाय तेव्हा रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी दोन तास खोलीवर विश्रांती घेऊन संध्याकाळी पुन्हा निघता येतं. सासऱ्यांसाठी हे फार सोयीचं आहे.

व्हिसा 'स्टँडर्ड व्हिजिटर' लागेल. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. पाच माणसं म्हणजे पाच स्वतंत्र अर्ज, मुलीचाही वेगळा. बोटांचे ठसे दिल्यानंतर साधारण तीन आठवडे धरा. तोपर्यंत रद्द न होणारी तिकिटं काढू नका.

अर्ज अडकतात ते बहुतेक पैशांच्या कागदांवर. खात्यात सहा महिने चाळीस-पन्नास हजार आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम पाच लाख जमा, असं दिसलं की ते पैसे खरंच तुमचे आहेत का ही शंका येते. एफडी मोडून रक्कम आली असेल तर एफडीची पावतीही जोडा. सासू-सासऱ्यांचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र, नात्याचा पुरावा आणि तुमची स्टेटमेंट त्यांच्याही अर्जात हवीत. तुमच्या अर्जात आहेत म्हणून त्यांच्यात धरली जातील, असं समजू नका. सातबारा, मराठीतला जन्मदाखला असे कागद जोडत असाल तर इंग्रजी भाषांतर लागतं. त्यावर भाषांतर अचूक असल्याचा शेरा, तारीख, आणि भाषांतरकाराचं नाव, सही व संपर्क हवा.

या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही. त्याला शेंगेन व्हिसा वेगळा.

रुळावरून
तुमचा सगळा कार्यक्रम जिन्यांवर ठरणार आहे, प्रेक्षणीय स्थळांवर नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेची, म्हणजे ट्यूबची, जेमतेम एक तृतीयांश स्टेशनं पायऱ्यांशिवाय पार करता येतात. बाकी ठिकाणी सरकता जिना असला तरी त्याच्या आधी किंवा नंतर दहा-वीस पायऱ्या निघतातच. 'स्टेप-फ्री' नावाचा वेगळा नकाशा मिळतो, तो फोनमध्ये ठेवा आणि हॉटेलही त्यावरूनच निवडा.

माझं मत पॅडिंग्टन. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन थेट येते, साधारण अर्ध्या तासात, आणि त्या लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट किंवा रॅम्प आहे. पिकॅडिली लाइन बरीच स्वस्त पडते, पण मध्य लंडनला यायला तास लागतो आणि सामान घेऊन चुकीच्या स्टेशनवर उतरलात तर जिना समोर उभा. पहिल्या दिवशी ती बचत करू नका. एक सावधगिरी: पॅडिंग्टनची बरीच लहान हॉटेलं जुन्या घरांत आहेत, दारातच चार-सहा पायऱ्या आणि आत अरुंद जिना. 'लिफ्ट आहे का' एवढंच विचारू नका. रस्त्यापासून खोलीपर्यंत एकही पायरी नाही ना, हे मेलवर लिहून घ्या.

शहरात फिरायला सासऱ्यांसाठी बस उत्तम. दाराशी फुटपाथवर रॅम्प टाकता येतो, पुढच्या जागा ज्येष्ठांसाठी राखीव. २०२५ मध्ये बसचं भाडं १.७५ पौंड होतं आणि पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात बस कितीही बदला, पुन्हा पैसे कापत नाहीत. १५ नंबर ट्रॅफल्गर स्क्वेअरवरून सेंट पॉल्समार्गे टॉवर ऑफ लंडनला जाते. ७४ नंबर मार्बल आर्चवरून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) म्युझियमच्या दारात नेते, म्हणजे साउथ केन्सिंग्टन स्टेशनचे जिने टळतात.

वेगळा पास काढायची गरज नाही, कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. बसमध्ये फक्त चढताना पिवळ्या गोलावर टेकवायचं. ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा. काही स्टेशनांवर फाटक नसतं, नुसता खांब असतो. तिथे कार्ड न टेकवता बाहेर पडलं की त्या प्रवासाचं कमाल भाडं कापलं जातं. दिवसाच्या भाड्याला मर्यादा आहे, पण ती त्याच कार्डावर मोजतात. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि दुपारी तेच कार्ड फोनमधून लावलं तर यंत्रणेच्या लेखी ती दोन कार्डं, आणि मर्यादा गाठलीच जात नाही.

मुलीला कॉन्टॅक्टलेस देऊ नका, मोठ्यांचं भाडं लागेल. तिच्यासाठी ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवास कार्ड) घ्या आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत चढवून घ्या. ११ ते १५ वयाला चौदा दिवसांपर्यंत निम्मं भाडं.

आता काय बघायचं. एका दिवशी एकच भाग. टॉवर ऑफ लंडनला दार उघडायच्या वेळी पोचा आणि थेट ज्युवेल हाउसकडे जा, अकरानंतर कोहिनूर असलेल्या मुकुटासाठी लांब रांग असते. आतले दगडी रस्ते खडबडीत आहेत, जाड तळव्याचे बूट हवेत. ब्रिटिश म्युझियम टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनवरून सहा-सात मिनिटं सपाट चालणं. प्रवेश फुकट, तरी वेळ आरक्षित करा, आणि आंध्रातल्या अमरावतीची शिल्पं (दालन ३३ए) सोडू नका. व्ही अँड एला वाघनखांसाठी जाणार असाल तर ती २०२४ साली तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात आली आहेत. टिपू सुलतानाचा लाकडी यांत्रिक वाघ मात्र तिथेच आहे. ग्रीनिचला बोटीने जाणं सासऱ्यांना आवडेल, पण वेधशाळा टेकडीवर आहे आणि चढ तीव्र. बोटीचं भाडं दिवसाच्या मर्यादेत धरत नाहीत. आठ दिवसांत स्टोनहेंज, ऑक्सफर्ड वगैरे कोंबू नका.

ताटवाटी
खाण्याचं सांगतो. युस्टनजवळची ड्रमंड स्ट्रीट आणि वेम्बलीचा ईलिंग रोड, दोन्हीकडे शाकाहारी जेवण पोटभर मिळतं. इतरत्र सुपरमार्केटच्या तयार सँडविचवर 'व्हेजिटेरियन' छापलेलं असतं, पण त्यात अंडं चालतं. सासूबाई अंडं खात नसतील तर 'व्हीगन' बघा.

बॅगेत पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप, पनीर नको. भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, काढून टाकतात. ताजा कढीपत्ताही नको. चिवडा, शंकरपाळे (तेलातले), मेतकूट, सुकी चटणी, लोणचं न्या. लोणच्याची बरणी चेक-इन बॅगेत. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

गोदाकाठ
खूप आभार. तारखा जूनच्या पहिल्या आठवड्यात ढकलतोय. दोन शंका: पाच जणांत एकच फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधी भरून घ्यायचं बँकेचं कार्ड) पुरेल का? आणि बाबासाहेबांच्या घरी ट्यूबने जाता येईल का?

रुळावरून
एक कार्ड पुरणार नाही. एका कार्डावर एका वेळी एकच माणूस प्रवास करू शकतो. मुलीचं ऑयस्टर वेगळं, उरलेल्या चौघांना चार कार्डं. काही बँका जोडकार्ड देतात, नाहीतर भारतातली डेबिट-क्रेडिट कार्डं, परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करून. बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचा आकार दोन ते साडेतीन टक्के लागतो, म्हणून मोठे खर्च फॉरेक्स कार्डावर. दुकानातल्या मशीनने 'रुपये की पौंड' विचारलं की नेहमी पौंड निवडा. रुपये निवडले तर दर दुकानदाराची बँक ठरवते आणि तो चढाच असतो. नातेवाइकांनी जपून ठेवलेल्या कागदी नोटा दिल्या तर नेऊ नका. शेवटच्या कागदी नोटा, २० आणि ५० पौंडांच्या, सप्टेंबर २०२२ अखेर चलनातून गेल्या. आता प्लास्टिकच्याच चालतात.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली घेतलं. जवळचं स्टेशन चॉक फार्म, पण सासऱ्यांना तिथे उतरवू नका. नॉटिंग हिल गेटवरून ३१ नंबरची बस पकडा, ती शेजारच्या अ‍ॅडलेड रोडवरून जाते. निघण्याआधी उघडण्याच्या वेळा आणि आत किती पायऱ्या आहेत हे विचारून घ्या. पॅडिंग्टनला राहिलात तर आणखी एक जागा जवळ आहे: लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले ते १०, हाउली प्लेस. भिंतीवर फलक आहे. खाजगी घर असल्याने बाहेरूनच बघायचं. पॅडिंग्टनहून कालव्याच्या काठाने लिटल व्हेनिसपर्यंत रस्ता सपाट आहे, वाटेत बाकंही आहेत. सासऱ्यांच्या अर्ध्या तासात सहज बसेल.