कंट्रोल लाइन बायप्लेन: वाऱ्याच्या बाजूला गेलं की तारा ढिल्या, काय चुकतंय?

बाल्सावेडा:
मंडळी, कंट्रोल लाइन म्हणजे हातातल्या हँडलच्या तारांनी स्वतःभोवती गोल उडवायचं मॉडेल विमान. आजवर दोन साधे एका पंखाचे ट्रेनर उडवलेत, बायप्लेन (एकावर एक दोन पंखांचं) पहिलंच. दोन्ही पंख सारखे, ९० सेंमी लांब १५ रुंद, वरचा पंख ४ सेंमी पुढे. इंजिन ४ सीसी, वजन किलोभर, तारा १६ मीटर, एक फेरी साधारण ६ सेकंदांची. उचललं झकास, पण तिसऱ्या फेरीत वारा येतो त्या बाजूला गेलं आणि हातातली ओढच गेली, मी हँडल वर-खाली करतोय आणि विमान ऐकतच नाही, मग सरळ नाक गवतात. खालचा पंख मोडला, प्रॉप गेला. उडताना विमानाचं पोट मला दिसत होतं हे मात्र लक्षात राहिलं. लीडआउट (पंखाबाहेर येणारी तारांची टोकं, त्यांना हँडलच्या तारा जोडतात) खालच्या पंखाच्या टोकातून काढलेत, बेलक्रँक (तारांची ओढ शेपटीवरच्या हलत्या पट्टीकडे नेणारा तुकडा) तिथे बसवणं सोपं होतं म्हणून. टिप वेट (बाहेरच्या पंखाच्या टोकातलं वजन) टाकलं नाही, आधीच दोन पंखांचं वजन, म्हटलं अजून कशाला.

तारेवरची_कसरत:
पोट दिसत होतं ना, तिथे एक चूक कळते. बायप्लेनचा सीजी (गुरुत्वमध्य) उंचीत दोन पंखांच्या मधे कुठेतरी असतो, तुमच्या तारा ओढतायत त्याच्या खालून, मग बाहेरचा पंख खाली आणि आतला वर जाणारच. असं कलल्यावर लिफ्टचा (पंखांच्या उचलीचा) काही भाग विमानाला बाहेर ओढतो, त्यामुळे तारा ढिल्या पडण्याचं कारण ते नव्हे; पण नाक आत वळलेलं असेल आणि त्यात वारा पण आत ढकलत असेल तर संपलंच. घरी करून बघा, दोन्ही लीडआउट धरून विमान लटकवा, बाहेरचे पंख जमिनीकडे. पंख सरळ खाली लटकले पाहिजेत आणि नाक अगदी किंचित खाली झुकलेलं पाहिजे, नाक वर गेलं तर उडताना ते आत वळणार, मग लीडआउट मागे सरकवा. मी टोकाच्या स्ट्रटलाच (दोन पंख जोडणाऱ्या दांडीला) प्लायची पट्टी चिकटवतो, तिला वर-खाली पुढे-मागे भोकं पाडून ठेवतो, मग लीडआउट पाहिजे त्या भोकातून ओवायचे. बायप्लेनला स्ट्रट असतो तो काय नुसता शोभेला? आणि टिप वेट टाकाच हो, २० ग्रॅमपासून सुरुवात करा, आतल्या बाजूला तारांचं वजन लटकलेलं असतं ते कोण तोलणार.

चक्रीवादळ:
वरचं सगळं बरोबर, पण ६ सेकंद म्हणजे फार हळू. १६ मीटर तारेवर ते ताशी ६० किमी होतं, किलोच्या विमानाला ओढ जेमतेम पावणेदोन-दोन किलो. फेरी ५ सेकंदांवर आली की हीच ओढ अडीचच्या वर जाते, कारण वेगाचा वर्ग येतो त्यात. बायप्लेनला ड्रॅग (हवेचा अडथळा) भरपूर, इंजिन रिच (जास्त इंधनावर) ठेवून रमतगमत उडवायला ते ट्रेनर नाही, इंधनाची सुई थोडी आवळा. नाहीतर तारा मीटर-दीड मीटर आखूड करा. सीजी कुठे ठेवलाय ते लिहिलंच नाही तुम्ही?

बाल्सावेडा:
वरच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून ७ सेंमी. प्लॅन नव्हता, अंदाजपंचे.

चक्रीवादळ:
अरे देवा. दोन्ही पंख सारखे आहेत तर सरासरी पंखाची पुढची कड वरच्याच्या २ सेंमी मागे धरायची आणि तिथून रुंदीच्या १५ ते २० टक्के, म्हणजे वरच्या कडेपासून सव्वाचार ते पाच सेंमी. ७ वर शेपूट जडच होणार, एलिव्हेटर (शेपटीवरची ती हलती पट्टी) नुसता हलवला तरी उसळी मारेल. आधी टँक-बॅटरी काय असेल ते पुढे सरकवून बघा, नाहीच जमलं तर नाकात शिसं.

बाल्सावेडा:
आत्ता लटकवून बघितलं, पंख चांगलेच तिरके. आणि नाक खाली सोडा, वर गेलं 😅 खालचा पंख नाहीतरी नवा करायचाच आहे तर बेलक्रँक आता बॉडीत घेतो, लीडआउट स्ट्रटमधून.

तारेवरची_कसरत:
उत्तम. आणि पुढच्या वेळी असं सोडा की विमान वारा जातो त्या बाजूला हवेत उठेल, तिथे वाराच तारा ताणून धरतो. ढिली पडली तर हँडलशी झटापट करत बसू नका, पटकन चार पावलं मागे पळा. सोडायच्या आधी अप दिल्यावर एलिव्हेटर वरच जातोय ना तेवढं बघा, बेलक्रँक नवीन बसवला की हमखास उलटं होतं, माझं दोनदा झालंय.