पांढरी, बुद्रुक-खुर्द आणि बेचिराख

'पांढरी' या शब्दाचा अर्थ बहुतेक ठिकाणी 'गावठाण' एवढाच दिलेला असतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. गावठाणातील 'ठाण' म्हणजे स्थान, वस्तीची जागा. 'पांढरी'त मात्र त्या जागेवर माणसे दीर्घकाळ नांदल्याची खूण आहे. चुलीतली राख, शेण आणि ढासळलेल्या मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक साचत गेल्या, की काळ्या रानाच्या मधोमध तेवढ्याच जागेची माती फिकट, भुरकट होते आणि जमीनही भोवतालपेक्षा उंचावते. म्हणून कसायची ती 'काळी' आणि राहायची ती 'पांढरी'. जुन्या कागदपत्रांत तर पांढरी म्हणजे गावातील समस्त रहिवासी असाही अर्थ आढळतो.

पुरातत्त्वज्ञ जुन्या वस्त्या शोधताना हीच पांढरीची टेकाडे पाहतात. घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८पासून झालेल्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुनी ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वस्ती उजेडात आली. धाब्याच्या छपरांसाठी आणि शेतात टाकण्यासाठी पांढरीची माती आजवर सर्रास उपसली गेली आहे. तिच्याबरोबर गावाचा अलिखित इतिहासही जातो, याचे फार वाईट वाटते.

'बुद्रुक' आणि 'खुर्द' यांविषयी थोडक्यात. 'बुद्रुक' हे फारसी 'बुजुर्ग'चे मराठी रूप. 'बुजुर्ग' म्हणजे थोर, मोठा, वडीलधारा. 'खुर्द' म्हणजे लहान. गावांच्या जोडनावांत हा भेद मुख्यतः आकाराचा असल्याने, केवळ नावावरून खुर्द हे नंतर वसलेले गाव मानू नये.

'बेचिराख' या शब्दाचा अर्थ मात्र नीट पाहायला हवा. तो फारसी 'बे' (विना) आणि 'चिराग' (दिवा) यांपासून आला आहे. बेचिराख गाव म्हणजे जिथे दिवा लावायलाही कोणी उरलेले नाही असे गाव. 'राख' या मराठी शब्दाशी त्याचा मुळात संबंध नाही, परंतु उच्चारसाम्यामुळे आज 'जळून खाक झालेले' हाच अर्थ रूढ झाला आहे. एकही घर उरले नाही तरी अशा गावाचे नाव महसुली दप्तरात 'मौजे' म्हणून टिकू शकते. त्यापुढे 'बेचिराख' अशी नोंद दिसली, तर तेवढ्यावरून जाळपोळीची कथा रचू नये. रोगराई, दुष्काळ किंवा पाण्याची टंचाई यांपैकी कोणत्याही कारणाने गाव उठले, तरी त्याला हाच शब्द लागू पडतो.