ब्युटिल आयोडाइड घेऊनही अभिक्रिया अर्ध्यावर का अडते?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, सांगली)
नमस्कार. प्रकल्पासाठी मी बेंझिल ब्युटिल ईथर तयार करत आहे. बेंझिल अल्कोहोल १०.८ ग्रॅम, ब्युटिल आयोडाइड २२ ग्रॅम, ५० टक्के कॉस्टिकचे (सोडियम हायड्रॉक्साइडचे) पाण्यातील द्रावण आणि न मिसळणाऱ्या पाण्याच्या व सेंद्रिय थरांत आयनांची ने-आण करणारा उत्प्रेरक म्हणून टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइड, म्हणजे टीबीएबी, १.६ ग्रॅम घेतले. आयोडाइड सहज सुटतो, तेव्हा अभिक्रिया झपाट्याने होईल असा माझा हिशेब होता. पण पहिल्या तासानंतर टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या चाचणीत) अल्कोहोलचा ठिपका फिका होणे थांबले. तापमान ९० अंशांवर नेले, तेव्हा काम पुढे सरकले नाहीच, वर मासळीसारखा वास सुटला. कुठे चुकते आहे?

उत्तर (प्राध्यापक, सातारा)
आयोडाइड सहज सुटतो हे खरेच आहे, पण सुटल्यावर तो जातो कुठे, हे आपण पाहिलेले नाही. क्लोराइडभोवती पाण्याचे रेणू घट्ट जमतात, म्हणून तो जलीय थरात राहतो. आयोडाइड आकाराने मोठा आणि त्याची पाण्याची ओढ कमी, त्यामुळे तो सेंद्रिय थरात टीबीएबीच्या क्वाटर्नरी धनायनाशीच (चार ब्युटिल गट असलेल्या नायट्रोजनच्या धन आयनाशी) जोडी करून बसतो. अल्कॉक्साइडला, म्हणजे कॉस्टिकमुळे अल्कोहोलपासून बनलेल्या ऋण आयनाला, पलीकडे नेणारी नाव म्हणजे हा एकच धनायन, आणि तिच्यातला प्रवासी उतरायलाच तयार नाही! यालाच उत्प्रेरकाचे विषीकरण म्हणतात. पडताळायचे असेल, तर अडलेल्या मिश्रणात अर्धा ग्रॅम ताजे टीबीएबी घालावे. अभिक्रिया थोडी सरकून पुन्हा थांबली, तर निदान बरोबर.

वासाचे कारण वेगळे आहे. तीव्र अल्कलीत तापवल्यास हॉफमन विलोपन होऊन धनायन तुटतो आणि ट्रायब्युटिल अमाइन (वास त्याचाच) व ब्युटीन तयार होतात. उष्णतेने आपण उत्प्रेरकच संपवत होतात.

उत्तर (उत्पादन विभाग, कुपवाड एमआयडीसी)
सरांशी सहमत. भर एवढीच, की ढवळण्याकडे दुर्लक्ष करू नये. रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स स्टार्क्स यांनी १९७१ मध्ये सायनाइडच्या अभिक्रियेसाठी मांडलेल्या निष्कर्षण यंत्रणेत, म्हणजे उत्प्रेरक आयनाला पाण्यातून सेंद्रिय थरात ओढून नेतो या चित्रात, ठरावीक वेगानंतर ढवळण्याने फरक पडत नाही; मात्र तीव्र कॉस्टिकमध्ये अल्कॉक्साइड दोन थरांच्या सीमेवरच तयार होतो, असे मानणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ मॅकोशा यांच्या चित्रात सीमेचे क्षेत्रफळच निर्णायक ठरते. चुंबकीय कांडी दाट कॉस्टिकमध्ये नुसती गिरक्या घेत राहते आणि थर मिसळतच नाहीत, म्हणून वरून पाते सोडावे. शिवाय पावसाळ्यात टीबीएबीची बाटली उघडी राहिली, तर दुपारपर्यंत चमच्याला ओला गोळा चिकटतो आणि वजनात पाणीच मोजले जाते.

प्रश्नकर्ती
धन्यवाद सर. ताजे टीबीएबी घातल्यावर ठिपका फिका झाला आणि चाळीस मिनिटांत पुन्हा अडला. आता आयोडाइडऐवजी ब्युटिल ब्रोमाइड घ्यावे की ब्युटिल क्लोराइड?

प्राध्यापक, सातारा
ब्युटिल क्लोराइड घ्यावे, आणि तेही जास्तीचे, म्हणजे तेच द्रावकाचे काम करेल. ते ७८ अंशांना उकळते, म्हणून ६० अंशांच्या आत राहावे. शक्य असल्यास टीबीएबीऐवजी त्याच धनायनाचे हायड्रोजनसल्फेट वापरावे. कॉस्टिकमध्ये त्याचे सल्फेट होते, ते पाण्यातच राहते आणि धनायन मोकळा मिळतो. वेळ अधिक लागेल, पण काम तडीस जाईल.