पहिला कॅमेरा कोणता? (सोसायटी ग्रुप, शनिवार दुपार)

सी-७०४: नमस्कार मंडळी. आयुष्यातला पहिला कॅमेरा घेतोय. ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो आणि घरातलं दोन वर्षांचं कार्टं, एवढंच टिपायचंय. कॅननचे आर१०० आणि आर५०, निकॉनचा झेड३०, सोनीचा झेडव्ही-ई१० बघून आलो. डोकं भंजाळलंय.

ए-२०२: झेड३० आणि झेडव्ही-ई१०ला व्ह्यूफाइंडरच नाही, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. व्हिडिओ करणाऱ्यांना चालतं. तुम्ही भर उन्हात खाडीवर उभे राहाल तेव्हा मागच्या स्क्रीनवर पक्षी सोडून स्वतःचंच तोंड दिसेल.

बी-५०१: मग आर१०० घे की. स्वस्त आहे.

ए-२०२: काका, त्याचा स्क्रीन टचचा नाही आणि हलतही नाही. जमिनीवर खेळणाऱ्या पोराचा फोटो काढायला दादांना पालथं पडावं लागेल 😄 आर५०चा स्क्रीन बाहेर काढून फिरवता येतो, बोट ठेवाल तिथे फोकस. वजन बॅटरीसकट ३७५ ग्रॅम.

ॲडमिन: टँकर ५ वाजता येतोय. गेटसमोरच्या गाड्या काढा.

सी-७०४: म्हणजे आर५० आणि सोबतची १८-४५ लेन्स?

ए-२०२: तिने लांबचं जवळ येत नाही, फ्लेमिंगो म्हणजे गुलाबी ठिपके. लांबचं जवळ आणणारी ५५-२१०सुद्धा मिळते असा सेट बघा. आणि ट्यूबलाइटमध्ये पळणारं पोर १८-४५ने हललेलंच येणार. पूर्ण झूम केल्यावर, म्हणजे ४५ला, ती एफ/६.३ असते; हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. एफ/१.८ची लेन्स त्याच्या बारापट उजेड आत घेते. बॉडीवर (नुसत्या कॅमेऱ्यावर) सगळे पैसे घालवू नका, एवढंच माझं म्हणणं.

डी-१०३: माझ्याकडे कॅननच्या जुन्या डीएसएलआरची ५० एमएम १.८ पडून आहे. चालेल का रे?

ए-२०२: चालेल की काकू! मध्ये ॲडॉप्टर लागेल, ऑटोफोकसही होईल. फक्त आर५०चा सेन्सर छोटा, त्यामुळे ५०ची ८०सारखी दिसते, म्हणजे सगळं जास्त जवळ येतं. आपल्या हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकवूनच फोटो काढायचे.

डी-१०३: काढून बघितली. काचेच्या आत कोळ्याचं जाळं आहे.

ए-२०२: बुरशी ती. आपल्याकडचा पावसाळा! हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवायची असते.

डी-१०३: मी तांदळाच्या डब्यात ठेवली होती 🙈

सी-७०४: काकू, उद्या आर५० हातात धरून बघायला दुकानात जातोच आहे. लेन्स द्या, साफ होते का विचारतो.

डी-१०३: सातनंतर ये. बेल बंद आहे, दार वाजव.